आधी सुई स्वतःला

आमच्या आत्यानं आजवर कुणाला काही पटवून दिल्याचं मला आठवत नाही. ती टोचते आणि मोकळी होते. वैजापूर तालुक्यातल्या खेड्यांमधून तिनं नर्स म्हणून उभी नोकरी काढली. त्या भागातल्या निम्म्या दंडांवर आपल्या हातची खूण आहे, असं ती सांगते. 'निम्म्या' हा शब्द माझा आहे, कारण मी कॉमर्सचा प्राध्यापक आहे आणि पुराव्याशिवाय बोलायला बिचकतो. आत्या 'समद्या' म्हणते. खेड्यात तिला 'सुईवाली बाई' म्हणायचे, पुंडलिकनगरातल्या तिच्या गल्लीत तिला 'सिस्टर' म्हणतात, आणि आमच्या घरी ती फाटकातून आत येताना दिसली की पोरं शर्टाच्या बाह्या खाली ओढतात. तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण निवृत्ती हा सरकारचा तिच्याबद्दल झालेला गैरसमज आहे, यावर ती ठाम आहे.

आत्या भेटली की नमस्कार करत नाही, मनगट धरते. बोलणं होईपर्यंत नाडी मोजून होते. आमच्या लग्नात बायको वाकून तिच्या पाया पडली, तेव्हा आत्यानं तिला उठवलं, भर मांडवात तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "रक्त कमी हाय. बाकी पोरगी सोनं." सासरे ते आजपर्यंत विसरलेले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी तिला शाल आणि श्रीफळ मिळालं, आणि हट्ट करून तिनं लसीची एक पट्टा तुटलेली, खात्यातून बाद झालेली थंडपेटीही पदरात पाडून घेतली. शाल तिनं वाटेतच कुणाला तरी देऊन टाकली. पेटी अजून चालू आहे. मे महिन्यात आमच्या शहरात ऊन असं पडतं की फोन हातात धरवत नाही. तेव्हा आत्या आपला मोबाईल त्या पेटीत बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवून हिंडते. "लस गरम झाली की वाया जाती. याचं तरी काय निराळं?" फोन आला की पेटी आतल्या आत गुरगुरते आणि शेअर रिक्षातली माणसं तिच्यासाठी आपसूक जागा करून देतात.

तिच्या नोकरीचा एकच नियम होता: आधी सुई स्वतःला. खेड्यात सुईला लोक घाबरत, पोरं लपवून ठेवत, म्हाताऱ्या तर सरळ काठी घेऊन दारात बसत. आत्या चावडीवर बसायची, पदर खोचायची, नुसत्या पाण्याची सुई भरायची आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या दंडात टोचून घ्यायची. मग हूं की चूं न करता कुणाच्या तरी घरचा चहा मागवून अर्धा तास तिथंच बसून राहायची. "मेले का? नाय ना? मंग आना पोरं." आमचं घर बौद्ध. त्या काळी काही उंबरे तिला आत घ्यायला तयार नसत. ती म्हणायची, "मला आत यायची हौस नाय. लेकराचा दंड तेवढा उंबऱ्याबाहेर काढा." अशाच एका घरातून पुढं काही वर्षांनी पहाटे एक माणूस धावत आला, सून अडली होती. त्या दिवशी सगळं घर 'आत या, आत या' करत होतं. आत्या गेली ती थेट माजघरात, चपलांसकट. "घाई होती," एवढंच ती सांगते, पण सांगताना तिची मान जी ताठ होते ती बघण्यासारखी असते. तिच्या रजिस्टरात 'नकार' नावाचा एक रकाना होता. उभ्या नोकरीत तो कोरा राहिला. तिची सगळी मिळकत म्हणजे तो कोरा रकाना, असं मला वाटतं.

आता यात इंटरनेट बँकिंग कुठून आलं? ते माझ्यामुळं आलं. ग्राहक इंटरनेट बँकिंगकडं कशामुळं वळतात, या विषयावर मी पीएचडी करतो आहे. गेली कित्येक वर्षं करतो आहे. माझ्याकडं बत्तीस प्रश्नांची एक प्रश्नावली होती आणि हो-नाहीचा शेवटचा प्रश्न सोडला तर प्रत्येक प्रश्नापुढं 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकोन होते. मी स्वतः मात्र तेव्हा विजेचं बिल रांगेत उभा राहून भरायचो. बायको हसायची, तेव्हा मी 'संशोधकानं तटस्थ असावं' असं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. प्रश्नावलीचा नमुना म्हणून पहिला फॉर्म मी स्वतःच भरला आणि उरलेला गठ्ठा घेऊन आत्याच्या गल्लीत गेलो. सगळ्या बायांनी चौकोनांच्या सगळ्या प्रश्नांना 'पूर्ण सहमत' करून दिलं. "सर, तुम्ही पास व्हायला पायजे," एक जण म्हणाली. प्रत्यक्षात आत्याचं घर सोडलं तर गल्लीतल्या एकाही घरात मोबाईलवर बँक नव्हती. आत्यानं तो गठ्ठा हातावर तोलून पाहिला आणि म्हणाली, "बापू, रडणाऱ्या लेकरापुढं कधी फॉर्म धरलेला पाहिला का तू?"

त्याच सुमारास कोपऱ्यावरची बँकेची शाखा हलणार असल्याची पाटी लागली. नवी जागा जालना रोडच्या पलीकडं होती. गल्लीत गुडघे दुखणाऱ्या बाया पुष्कळ, आणि जालना रोड ओलांडायचा म्हणजे चांगल्या गुडघ्याच्या माणसालाही देव आठवतो. आत्यानं पदर खोचला. घरोघरी जाऊन आधी ती नुसती बसायची, चहा प्यायची, नाडी बघायची आणि बँकेचं नावही काढायची नाही. दुसऱ्या फेरीला ती बाईच्या फोनवर बँक चालू करून द्यायची, मग स्वतःचा फोन काढून तिच्या देखत तिला एक रुपया पाठवायची. बाईच्या फोनवर 'टिंग' झालं की म्हणायची, "पोचलं. आता तू मला धाड." मग अर्धा तास ती तिथंच बसून राहायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात हजर: "काय, ताप-बीप?" याचा परिणाम असा झाला की पैसे पाठवल्यावर फोनला अर्धा तास विश्रांती द्यायची असते अशी गल्लीची समजूत झाली. बाया पैसे पाठवायच्या आणि फोन घडी घातलेल्या टॉवेलवर उताणा निजवून ठेवायच्या. शेजारच्या मुसलमान मावशींनी, म्हणजे गल्लीच्या खालांनी, तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, पहिला डोस हो गया मेरा. दुसरा कब है जी?"

एवढं सगळं ती शिकली कुठून, हे मला कोडं होतं. पिन कुणाला सांगायचा नाही, आलेल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे तिला माझ्यापेक्षा चोख माहीत होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात ती महिनाभर रोज सकाळी थंडपेटी घेऊन बँकेत जात होती. मला वाटलं, एसीत बसायला जात असेल.

झालेल्या घराच्या दारावर ती खडूनं गोल काढून आत तारीख घालायची; जुनी सवय. या सवयीनं एकदा मोठा घोटाळा केला. पोलिओचे डोस पाजायला घरोघर फिरणाऱ्या दोन मुली गल्लीत आल्या, दारादारावर खडूच्या खुणा पाहिल्या, ही गल्ली आधीच झाली असं समजल्या आणि पुढं निघून गेल्या. आत्या त्यांच्यासाठी ओट्यावर खुर्च्या मांडून, पाण्याचा तांब्या भरून वाट बघत बसली होती. उलगडा झाला तशी ती एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून त्यांच्या मागं धावली, त्यांना परत आणलं आणि शेवटच्या लेकराच्या तोंडात थेंब पडेपर्यंत त्यांच्यासोबत उन्हात हिंडली. नंतर ओलं फडकं घेऊन तिनं गल्लीतले सगळे गोल स्वतःच्या हातानं पुसले. "माझ्या खडूपायी लेकरं राहिली असती रे," ती म्हणाली. तिला इतकं खजील झालेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून खडू बंद झाला आणि चौकटीच्या कोपऱ्यात गेरूचा एक छोटा ठिपका सुरू झाला.

दिवाळी तोंडावर आली तोवर गल्लीतल्या सगळ्या चौकटींवर ठिपके लागले होते. फक्त एक चौकट कोरी होती, मेसवाल्या काकूंची. काकू एकट्या. परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांना डबे देऊन त्यांनी मुलीचं लग्न केलं, घराला वरचा मजला चढवला. त्यांच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी पोरं सिडकोतून यायची. पण आताच्या पोरांच्या खिशात नोट नसते. 'काकू, स्कॅन करू का?' म्हणून ती विचारायची, काकू 'नाय' म्हणायच्या, आणि एकेक पोरगं मागच्या गल्लीतल्या नव्या मेसकडं वळायचं. दोन वर्षांपूर्वी बँकेतून बोलतोय म्हणून कुणीतरी काकूंना फोन केला होता आणि वरच्या मजल्याच्या फरशीसाठी साठवलेलं सगळं नेलं होतं. तेव्हापासून त्या फोन वाजला तरी पदरानं धरून उचलायच्या. त्यांनी ठरवून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर मेसला कुलूप लावून बजाजनगरला भावाकडं जायचं. तिथं वाळूजच्या कंपन्यांच्या कॅन्टीनला चपात्या लाटायला बाया लागतात. स्वतःच्या मेसची मालकीण दुसऱ्याच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटणार, ही गोष्ट आत्याच्या जिवाला लागली. ती सहा वेळा काकूंकडं जाऊन आली. सहाही वेळा काकूंनी चहा पाजला, नाडी दाखवली आणि मान हलवली.

सातव्या वेळी मी सोबत होतो. प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती माझ्या पिशवीत होती. दुपारची वेळ, काकूंच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या पडलेल्या, खाला आणि गल्लीतल्या चार-पाच बाया निवडायला बसलेल्या. आत्यानं एक रुपया पाठवायला फोन काढला, तशा काकूंनी हात जोडले.

"नगं सिस्टर. तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाला कोन फसवनार? माझं डोस्कंच तसलं. येड्या बाईनं या फंदात पडूच नाय. मी आपली जाते बजाजनगरला."

  आत्यानं जुडीतली एक काडी उचलून बोटांत फिरवली. गल्लीत तिची ऐट होती ती एकाच गोष्टीवर: सिस्टरला कुणी बनवू शकत नाही. ती गोष्ट गेली तर दारादारावरच्या ठिपक्यांचं काय होईल, याचा हिशेब ती करत असावी. मग तिनं फोन खाली ठेवला.

"काकू, मला बी लागलेली हाय ही सुई," ती म्हणाली. "उन्हाळ्यात. सगळी पेन्शन नेली त्यानं. कुनाला बोलले नाय मी. या बापूला बी नाय."

मेथी निवडणारे सगळे हात थांबले.

"तुमी, सिस्टर?" काकू पुटपुटल्या. "तुमी कामून सांगितला नंबर?"

"चांगल्या आवाजाचा होता गं. बँकेचं नंतर बोलला. आधी म्हनाला, 'आई, जेवलात का?'" आत्या हसायला गेली, पण ते हसू मध्येच राहिलं. "एवढ्या लेकरांना टोचलं, घरात सोताचं एक नाय. जेवले का म्हनून मला कुनी विचारल्याला किती वर्षं झाली, ते आठवत बसले मी. अन् तेवढ्यात तो म्हनाला, आई, नंबर आलाय तो सांगा. म्हटलं, लिही बाळा."

मी दोन गल्ल्या पलीकडं राहतो. आठवड्यातून चारदा तिच्या हातचा चहा पितो. मी ओट्यावरच्या फरशीकडं बघत राहिलो.

"मंग?" काकूंनी विचारलं.

"मंग काय? दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी बँकेत गेले अन् त्या सायबाला म्हटलं, मला हे समदं शिकव, शिकल्याबिगर मी हितनं उठत नाय. पयल्या सुईनं गळू झालं म्हनून दुसरी सुई घ्यायचीच नाय, असं मी उभ्या जन्मात कुनाला करू दिलं नाय. मीच कशी करू?" तिनं बाही वर केली. तिच्या सुरकुतलेल्या दंडावर देवीच्या लसीची जुनी खूण होती. "ही बघ. दुखलंय, तवाच सांगतेय."

 मग खाला हळूच म्हणाल्या, "मेरा भी गया था, सिस्टर. लॉटरी लगी बोल के. घर में किसी को नै मालूम." त्यांच्या पलीकडच्या बाईनं नवऱ्याला अजून सांगितलं नसल्याचं सांगितलं. तिच्या शेजारणीनं तर आपण दोनदा फसलो असल्याचं कबूल केलं आणि वर स्वतःच हसू लागली. बघता बघता निम्मा ओटा फसलेला निघाला. जी ती समजत होती, गल्लीत मूर्ख मी एकटीच. माझ्या पिशवीतल्या फॉर्मवर शेवटी 'आपली कधी ऑनलाइन फसवणूक झाली आहे का?' असा प्रश्न होता, आणि आधीच्या फॉर्मात याच सगळ्या बायांनी त्यापुढं 'नाही' लिहून दिलं होतं. मी पिशवी हळूच पायामागं सरकवली. मला त्या वेळी माझ्या आत्याचा फार अभिमान वाटला. चावडीवर पाण्याची सुई टोचून घेणं सोपं असेल. ही सुई पाण्याची नव्हती.

काकूंनी मेथीचे हात पदराला पुसले. "आना तो रुपया," त्या म्हणाल्या. आत्यानं आधी त्यांच्या फोनवर बँक चालू करून दिली, मग रुपया धाडला. टिंग झालं. त्यांनी तो परत धाडला. मग फोन टॉवेलवर ठेवला, आणि अर्धा तास सगळा ओटा त्या फोनभोवती मेथी निवडत बसून राहिला. संध्याकाळी डबा घ्यायला आलेल्या पोरानं सवयीनं खिसे चाचपले, तेव्हा काकू आतून ओरडल्या, "राहू दे रे खिसा! फोन काढ!" काकू बजाजनगरला गेल्या नाहीत. मागच्या गल्लीत गेलेली पोरं दिवाळीनंतर एकेक करून परत आली. वांग्याच्या भाजीपुढं कुणाचं काय चालतं?

त्या दिवशी आत्याला घरी सोडायला निघालो, तर ती म्हणाली, आधी तुझ्या घरी चल. माझ्या दाराशी येऊन ती थांबली आणि कोऱ्या चौकटीवरून तिनं बोट फिरवलं. "गल्लीभर कागद वाटत फिरतो, अन् तुझ्याच दाराला ठिपका नाय. कामून रे?" मी तटस्थ संशोधकाबद्दल काहीतरी बोलू लागलो. तिनं माझं मनगट धरलं. नाडी खोटं बोलत नाही असं ती मानते, आणि माझी तर धावतच होती. मग मी सांगितलं. वीज तोडणार असल्याचा मेसेज आला होता, खाली लिंक होती, आणि इंटरनेट बँकिंगवर पीएचडी करणाऱ्या माणसानं ती दाबली होती. बायकोला सांगितलं नव्हतं. पहिल्या फॉर्मवर मी स्वतःच 'नाही' लिहिलं होतं.

आत्या हसली नाही, रागावलीही नाही. आत येऊन खुर्चीत बसली, मला समोर बसवलं, बायकोला हाक मारून मला तिच्यादेखत पुन्हा सगळं सांगायला लावलं, आणि मग माझ्या फोनवरून तिनं विजेचं बिल भरून घेतलं. "आता अर्धा तास बसते," ती म्हणाली, "ताप येतो का बघते." जाताना पिशवीतून गेरूची पुडी काढून तिनं चौकटीवर ठिपका लावला. पुढच्या दिवाळीला रंगारी आला तेव्हा तेवढा कोपरा मी त्याला रंगवू दिला नाही.

माझी पीएचडी अजून व्हायची आहे. ते फॉर्म मी रद्दीत घातले आणि मार्गदर्शकांचा राग ओढवून घेतला. ग्राहक कशामुळं वळतात, हे आता मला ठाऊक आहे, पण ते पाच चौकोनांत बसत नाही. आत्याही आता थकली आहे. जिना चढताना दोनदा थांबते आणि स्वतःचीच नाडी बघते. मी रोज संध्याकाळी तिला फोन करतो. सात वाजले की ती फोन पेटीतून काढून मांडीवर घेऊन बसते, असं खाला सांगतात.

"आत्या, जेवलीस का?" मी विचारतो.

"व्हय, जेवले," ती म्हणते. "पन नंबर सांगनार नाय."

आम्ही दोघंही हसतो. नंतर बोलायला काही नसतं, तरी ती फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही.